वीतभर जास्तीची वर्षं

दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस आधी एकच प्रश्न विचारायचा, "मास्तर आहेत का?"

काउंटरमागे मास्तरांची लेक उभी असायची. गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची उशी, हातात कात्री. ती मान वर न करता सांगायची, "आहेत ना, आत आहेत. काम काय ते मला सांगा." बहुतेक जण सांगत. पण काही जुनी खोडं अशी होती, की त्यांना मास्तरांच्या तोंडचाच शब्द लागायचा. त्यांच्यासाठी लेकीने एक युक्ती काढली होती. कोट हातावर टाकून ती पडद्याआड जायची, पेलाभर पाणी प्यायची, मनात दहापर्यंत आकडे म्हणायची आणि बाहेर येऊन सांगायची, "मास्तर म्हणाले, बाही अर्धा इंच आखूड करू." गिऱ्हाईक खूश! "बघा, याला म्हणतात नजर," असं म्हणत ते समाधानाने निघून जायचं. मास्तरांना यातलं काहीच ठाऊक नसायचं. ते त्या वेळी आतल्या खोलीत फरशीवर गुडघे टेकून एखाद्या राजाला टाचण्या लावत असायचे.

आता शिवणकाम कुठे आणि राजे कुठे, असं कुणालाही वाटेल. सगळं सुरू झालं ते चर्चच्या पाळकसाहेबांच्या झग्यापासून. अकरा वर्षांपूर्वी मास्तर त्यांच्या नव्या झग्याची ट्रायल घेत होते. खाली बसून घेर सारखा करणं चाललं होतं. ट्रायल घेताना प्रश्न विचारायची मास्तरांना जुनी खोड. अंगभर टाचण्या असल्यामुळे गिऱ्हाईक हलू शकत नाही आणि उत्तर दिल्यावाचून त्याची सुटका नसते. मास्तरांनी विचारलं, "साहेब, नोहाच्या बापाने आदामाला बघितलं असेल का हो?"

पाळकसाहेब हसले. म्हणाले, "मला नाही बुवा ठाऊक. टेप तुमच्याकडे आहे, तुम्हीच मापून बघा की."

ते बिचारे गमतीत म्हणाले. मास्तरांनी मनावर घेतलं.

एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर, असं त्यांनी ठरवलं. मांजरपाटाचा लांबच लांब पाया तयार केला आणि प्रत्येक माणसाच्या आयुष्याएवढी पट्टी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडातून कापून त्यावर शिवायला घेतली. बायबलमध्ये त्या पहिल्या पिढ्यांचे आकडे स्वच्छ दिलेले आहेत. अमका अमुक वर्षांचा असताना त्याला मुलगा झाला, मग तो आणखी इतकी वर्षं जगला आणि मेला. मास्तरांच्या मते ही निव्वळ मापाची वही होती. कुणीतरी नेटका माणूस लिहून गेला होता आणि आता फक्त कापायचं बाकी होतं. पहिला माणूस आदाम नऊशे तीस, म्हणजे नऊ मीटर तीस. तो एका वकिलाच्या सुटाच्या राखाडी कापडातून निघाला. सगळ्यांत जास्त जगलेल्या मथुशलहाला, म्हणजे नोहाच्या आजोबाला, नऊ मीटर एकोणसत्तर लागले. गणवेशाचं निळं कापड त्याच्या सातशेव्या वर्षीच संपलं, म्हणून बिचाऱ्याला उरलेलं म्हातारपण हिरव्या पडद्याच्या तुकड्यात काढावं लागलं. पण त्याची पट्टी जिथे संपली ते नेमकं नोहाच्या वेळच्या जलप्रलयाचं वर्ष निघालं, तेव्हा मास्तर इतके हरखले, की दुपारी जेवायलाच उठले नाहीत. नोहाच्या बापाने आदामाला बघितलेलं असणार, चांगली छप्पन्न वर्षं, हेही त्यात निघालं. पुढचे सहा महिने ज्याने ज्याने दुकानात पाय टाकला त्याला हे ऐकून घ्यावं लागलं.

"घरातल्या माणसांचे वाढदिवस विचारा, आभाळाकडे बघतील," मास्तरांची बायको म्हणायची, "आणि मथुशलहाचं वय विचारा, झोपेत सांगतील."

त्यात खोटं काही नव्हतं. पण माणूस सुखी होता. पासष्ट वर्षांचं वय, नजर अजून चांगली, आतल्या खोलीला अंगणाकडची मोठी खिडकी, पायाशी चार हजार वर्षांची घडी आणि बाहेरून लेकीच्या कात्रीचा खरखर आवाज. यापलीकडे मास्तरांना काही नको होतं. कुणी लेकीचं विचारलं तर ते कौतुकाने सांगत, "दोन-चार वर्षं झाली, मदत करते मला. हात चांगला आहे तिचा." लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. सकाळी नवऱ्याचा डबा भरून द्यायची, दुकानाचं शटर उघडायची आणि संध्याकाळी बंद करूनच जायची.

यंदा चर्चमागचं सभागृह दुरुस्त होऊन नवं रंगवलं गेलं. चारी भिंती मिळून चव्वेचाळीस मीटर, आणि मास्तरांची पट्टी आदामापासून येशूच्या जन्मापर्यंत चाळीस मीटर. जणू खोली पट्टीचं माप घेऊनच बांधली होती. पाळकसाहेबांनी शब्द दिला, की उद्घाटनाच्या रविवारी पट्टी चारी भिंतींवर डोळ्यांच्या उंचीला लावायची, म्हणजे मुलं एका टोकापासून चालत चालत वाचतील. अकरा वर्षं जी गोष्ट फरशीवर गुंडाळलेली होती ती आता भिंतीवर चढणार होती. मास्तरांनी त्या दिवसासाठी स्वतःचा कोटसुद्धा इस्त्री करून ठेवला.

पण मध्ये होते गणिताचे सर. शाळेतून निवृत्त झालेले आणि चर्चच्या कमिटीवर असलेले हे सर घरी नेलेल्या पँटची दोन्ही पायांची लांबी स्वतः मोजून बघत. उद्घाटनाच्या आधीच्या रविवारी ते पट्टी पाहायला आले. हात पाठीमागे बांधून आदामापासून निघाले आणि अब्राहामापर्यंत नुसतं "हं, हं" करत आले. मास्तरांचा जीव मुठीत होता, कारण पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

पुढे राजे होते. शलमोन राजानंतर राज्याचे दोन तुकडे झाले, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. म्हणून मास्तरांनी तिथून पुढे वर-खाली दोन पट्ट्या केल्या होत्या. वरची उत्तरेच्या राजांची, खालची दक्षिणेच्या. कोणत्या राजाने किती वर्षं राज्य केलं ते दिलेलंच आहे. मध्येच एके दिवशी येहू नावाच्या सेनापतीने दोन्हीकडचे राजे एकाच दिवसात मारले, तेव्हा तिथे दोन्ही पट्ट्यांना मिळून एकच टाचणी. पुढे उत्तरेची राजधानी शत्रूने घेतली ते दक्षिणेतल्या हिज्कीया राजाचं सहावं वर्ष. म्हणजे तिथेही दोन्ही पट्ट्या बरोबर एकाखाली एक यायला हव्यात.

सरांनी येहूच्या टाचणीपासून तिथपर्यंत वरची मोजली. एकशे चव्वेचाळीस. खालची मोजली. एकशे पासष्ट.

"खालची वीतभर लांब आहे, मास्तर," सर म्हणाले.

"एकवीस सेंटिमीटर," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. चार वर्षं ती वीत त्यांच्या उरावर बसली होती. पाच वेळा त्यांनी सगळे राजे उसवले होते, पुन्हा मोजून शिवले होते, आणि पाचही वेळा ती एकवीस वर्षं बोळ्यासारखी शिल्लक राहिली होती.

"हे असं भिंतीवर लावायचं नाही. मुलं वाचणार आहेत," सर म्हणाले. ते वाईट मनाने बोलत नव्हते, हीच तर अडचण होती. "शनिवारपर्यंत जुळलं तर सगळी लावू. नाही जुळलं तर शलमोनापर्यंतची लावू आणि उरलेल्या भिंतींवर चित्रं टांगू."

"शलमोनापर्यंत म्हणजे बिनबाह्यांचा कोट झाला हो सर."

"चुकीच्या बाह्यांपेक्षा तो बरा," सर म्हणाले आणि टोपी घालून गेले.

त्या दिवशी मास्तरांचं तोंड एवढंएवढंसं झालं. बायकोने जेवताना आपल्या परीने तोड सुचवली. "त्यात काय एवढं? एक चूण घाला आणि आत दाबून टाका. वाढत्या अंगाच्या पोरींच्या झग्यांना घालताच की."

"अगं, चूण म्हणजे एकवीस वर्षं गिळायची!" मास्तरांचा घास हातात राहिला. "आणि कुणाची गिळू? कुठल्या राजाने माझं घोडं मारलंय?"

"मग त्या सरांपुढे डोकं तरी कशाला फोडता? नाही जुळत म्हणून सांगा."

"नाही जुळत असं नसतंच. माप घेणारा चुकतो, नाही तर कापणारा."

सोमवार, मंगळवार, बुधवार, मास्तर खोलीतून बाहेर पडले नाहीत. राजे पुन्हा उसवले. प्रत्येकाला सुटा केला, टेपवर ठेवला, पुन्हा एकापुढे एक लावला. एक संपला की तिथून दुसरा, दुसरा संपला की तिसरा. गादीवर एका वेळी एकच माणूस बसतो, त्यामुळे दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. खालची पट्टी पुन्हा वीतभर पुढे गेली. गुडघे दुखायला लागले तेव्हा मास्तर पाट घेऊन बसले आणि त्या वितीकडे नुसते बघत राहिले.

गुरुवारी सकाळी बोर्डवाला पेंटर आला. दुकानावरच्या जुन्या पाटीची अक्षरं सोलून निघाली होती आणि नवी करून घ्या म्हणून लेक वर्षभर मागे लागली होती. पेंटरनेही आत शिरताच विचारलं, "मास्तर आहेत का?" लेकीने हाक मारली. मास्तर तोंडात दोन टाचण्या तशाच धरून बाहेर आले.

"खाली बारीक अक्षरात 'इतक्या वर्षांची परंपरा' असं टाकू का? शोभून दिसतं," पेंटर म्हणाला. "किती वर्षं लिहू?"

मास्तरांनी टाचण्या काढून कोटाच्या कॉलरला खोचल्या. या प्रश्नाचं उत्तर त्यांना पाठ होतं. "वडिलांनी पंचेचाळीस वर्षं चालवलं. मी चाळीस."

"पंच्याऐंशी," म्हणत पेंटरने फळीवर खडूने आकडा काढला.

"पंच्याऐंशी कुठून आणली?" बायको धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन जिना उतरत होती, ती तिथूनच म्हणाली. "मोठ्या वन्संचा जन्म झाला त्याच महिन्यात दुकान उघडलं. सासूबाईंनी मला शंभर वेळा सांगितलंय, एका कडेवर पोर आणि दुसऱ्या हातात कापडाचा गठ्ठा घेऊन त्या या दुकानात शिरल्या. आणि वन्संना गेल्याच महिन्यात शहात्तर पूर्ण झाली. गोड खायला बोलावलं होतं, तेव्हा तुम्ही आला नव्हता."

पेंटरने आकड्यांकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "मग मधली नऊ वर्षं गेली कुठे?"

"वडील खोटं बोलणार नाहीत," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही बोलत असाल," बायको म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

मास्तरांना राग आला. त्यांनी शिडी लावली, माळ्यावर चढले आणि जुन्या मापाच्या वह्यांचे गठ्ठे सोडले. वडिलांचं अक्षर उजवीकडे कललेलं, सातच्या आकड्याला लांब शेपूट. मास्तरांचं उभं आणि ठाशीव. एकेक वही उघडत गेले तशी ती नऊ वर्षं त्यांच्या समोर आली. वर माप वडिलांच्या हातचं होतं आणि त्याखाली कापणाऱ्याची खूण होती ती मास्तरांची. एका पानावर नाही, दोन पानांवर नाही, सलग नऊ वर्षं.

मग त्यांना सगळं आठवलं. वडिलांची नजर मंद झाली होती. एका नवरदेवाच्या पँटचा एक पाय इंचभर आखूड कापला गेला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कात्री पोराच्या हातात दिली. पण शेवटच्या दिवसापर्यंत ते दाराजवळच्या खुर्चीत गळ्यात टेप घालून बसत होते. कुणी मास्तर म्हणून हाक मारली की 'ओ' तेच देत होते. पंचेचाळीस वर्षं दुकान चालवलं, असं ते म्हणायचे ते खरंच होतं. आपण चाळीस म्हणतो तेही खरं, कारण आपण कात्री हातात आली तेव्हापासून मोजतो. खोटं कुणीच बोललं नव्हतं. बापाची आणि मुलाची नऊ वर्षं एकाखाली एक होती आणि बेरजेत ती दोनदा आली होती.

मास्तर शिडीवरच थबकले. हातातली वही मिटली. मग एवढ्या मोठ्याने ओरडले, की पेंटरच्या हातातला खडू पडला. "अगं ए! माझ्या टाचण्या कुठायत?"

"कॉलरला," लेक म्हणाली.

दक्षिणेच्या राजांत उज्जीया नावाचा राजा आहे. बावन्न वर्षं राज्य केलेला. म्हातारपणी त्याच्या अंगावर कोड उठलं आणि मरेपर्यंत त्याला वेगळ्या घरात राहावं लागलं. तोवर वाड्याचा कारभार त्याचा मुलगा योथाम पाहत होता. हे मास्तरांनी कितीदा वाचलं होतं! वाचून प्रत्येक वेळी हळहळलेही होते. पण मापायची वेळ आली, की बापाची बावन्न संपल्यावरच त्यांनी मुलाची सोळा सुरू केली होती. त्या उज्जीयाचा बाप तर लढाईत उत्तरेच्या राजाच्या हाती सापडलेला. बाप कैदेत असताना लोकांनी सोळा वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं असेल, आणि बाप काही लगेच मेला नाही, बरीच वर्षं जगला. म्हणजे तिथेही एकाखाली एक. मास्तरांनी योथामाची पट्टी उचलली आणि तेरा वर्षं बापाखाली सरकवली. उज्जीयाची उचलली आणि आठ वर्षं त्याच्या बापाखाली सरकवली. आठ आणि तेरा एकवीस. खालच्या पट्टीचं टोक वरच्या टोकाखाली येऊन थांबलं. मास्तर उठले, खिडकीशी गेले, परत आले आणि पुन्हा बघितलं. ते अजून तिथेच होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते टेपच्या टोकाने पुसले.

शनिवारी सर आले ते स्वतःची पोलादी पट्टी घेऊन. वरची मोजली, खालची मोजली, मग पुन्हा उलट्या बाजूने मोजली. "जुळतंय," ते म्हणाले, आणि लगेच, "पण तेरा आणि आठ हे कुठे लिहिलंय का?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर तिथे मशीन मारलेलं नाही," मास्तर म्हणाले. ते याच प्रश्नाची वाट बघत होते. "जवळून बघा सर. जे लिहिलेलं आहे ते मशीनच्या शिलाईने. माझा जो अंदाज आहे तिथे कच्चा टाका, पांढऱ्या दोऱ्याचा. उद्या कुणाला जास्त बरोबर सापडलं तर एक दोरा ओढायचा आणि हवं तिथे सरकवायचं. कापडाला इजा नाही."

सर वाकले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो पांढरा दोरा बराच वेळ बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला त्यांचे विद्यार्थी हसू म्हणत असावेत. "अंदाज अंदाजासारखा दिसतोय," ते म्हणाले. "लावा सगळी."

मास्तरांना आता बोलण्यापासून कोण अडवणार? "माझी चूक काय होत होती माहीत आहे का सर? मी म्हणायचो, गादीवर एका वेळी एकच माणूस. पण बाप आतल्या घरात, नाव त्याचं. आणि बाहेर कारभार मुलाचा. मुलाची वर्षं बाप संपल्यावर सुरू होत नाहीत हो! तो ज्या दिवशी काम हातात घेतो त्या दिवशी सुरू होतात. कुणी मोजो न मोजो."

सरांनी पडद्याकडे बघितलं. पलीकडे कात्री चालली होती. "आणि तुमची लेक किती वर्षं झाली दुकान बघतेय?"

"ती? दोन-चार वर्षं झाली. मदत करते मला."

"मी निवृत्त झालो त्या दिवशीचा कोट तिने कापलाय," सर म्हणाले. "त्याला नऊ वर्षं झाली."

"तो मी कापला असेन."

"बाहीबद्दल तुम्हाला विचारते म्हणून ती आत आली होती. पडदा थोडा सरकलेला होता, मला दिसत होतं. तुम्ही जमिनीवर पाठमोरे बसला होता. ती पाणी प्यायली आणि बाहेर येऊन म्हणाली, मास्तरांनी अर्धा इंच सांगितलाय." सरांनी पोलादी पट्टी खिशात ठेवली. "बाही अगदी बरोबर बसली. अजून घालतो."

दुपारी लेक जेवायला घरी गेली तेव्हा मास्तर काउंटरमागे जाऊन बसले. खालच्या कप्प्यातल्या वह्या त्यांनी एकेक करून वर काढल्या. दोन वर्षांमागची उघडली. लेकीचं गोल, नेटकं अक्षर. चार वर्षांमागची. तेच. सात वर्षांमागची, तेच. नऊ वर्षांमागच्या वहीत सरांचा कोट सापडला, बाहीपुढे लहानशी दुरुस्ती होती. मास्तर मागे मागे जात राहिले आणि शेवटी एका पानावर त्यांचं स्वतःचं उभं अक्षर आलं. पाळकसाहेबांचा झगा, घेर, उंची, खांदा. त्याखालची पुढची नोंद लेकीची होती. त्यानंतर अकरा वर्षं आणि चार महिन्यांत त्यांची एक ओळसुद्धा नव्हती.

मास्तरांना मनापासून लाज वाटली. मथुशलह किती वर्षांचा होऊन मेला हे सांगायला एका पायावर तयार असलेल्या माणसाने घरच्या पोरीची सात-आठ वर्षं चूण घालून आत दाबून टाकली होती, आणि तिने एकदाही 'बाबा, मोजा' म्हटलं नव्हतं.

बायको पाणी घेऊन आली. उघड्या वहीकडे बघून म्हणाली, "सापडलं वाटतं."

"तू बोलली का नाहीस?"

"मी म्हणाले होते तिला, सांग बाबांना. तर म्हणाली, आई, राहू दे त्यांना आत. किती खुशीत असतात." बायकोने पेला काउंटरवर ठेवला. "लोक मास्तर आहेत का विचारतात, तेव्हा मात्र तिचं तोंड जरासं उतरतं. मला जिन्यावरून दिसतं."

रविवारी पट्टी चढली. मुलं आदामापासून चालत निघाली आणि राजांपाशी त्यांची गर्दी झाली, कारण पांढऱ्या दोऱ्याला बोट लावून बघायला सर्वांना आवडत होतं. सर बाजूला उभे राहून "ओढू नका" म्हणत होते. पाळकसाहेबांनी मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मास्तर इस्त्रीच्या कोटात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मी आत बसून हे शिवू शकलो, कारण बाहेर दुकान चालू होतं. अकरा वर्षं माझी लेक चालवत होती. हे मला कालच समजलं." लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. तिसऱ्या रांगेत लेक बसली होती, ती हसली नाही. ती खाली मान घालून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

सोमवारी सकाळी लेकीने शटर उघडलं तर मास्तर तिच्याआधीच येऊन बसले होते. आत नाही, बाहेर, दाराजवळच्या वडिलांच्या खुर्चीत, मांडीवर काज करायला घेतलेला शर्ट. काउंटरमागच्या भिंतीवर एक लहानशी पट्टी लावलेली होती. मांजरपाटाचा पाया, शहात्तर सेंटिमीटर. वर आजोबांची राखाडी पट्टी, पंचेचाळीस. तिची शेवटची नऊ वर्षं मास्तरांच्या तपकिरी पट्टीच्या वर आलेली, तपकिरी पट्टी चाळीस. आणि तिच्या शेवटच्या भागाखाली एक काळी पट्टी, पाळकसाहेबांच्या झग्यातून उरलेल्या कापडाची. सगळीकडे मशीनची शिलाई होती. कच्चा टाका कुठेच नव्हता.

लेकीने गळ्यातला टेप काढला आणि काळी पट्टी मोजली. "अकरा," ती म्हणाली.

"मिलिमीटर बघ," मास्तर मान वर न करता म्हणाले. "चार महिनेही धरलेत."

तिने बघितलं. मग तिचं लक्ष पट्टीच्या टोकाकडे गेलं. बाकीच्या दोन्ही पट्ट्यांची टोकं दुमडून शिवलेली होती, मास्तरांच्या स्वतःच्या पट्टीचंसुद्धा. काळ्या पट्टीचं टोक दुमडलेलं नव्हतं. पुढचं सगळं कापड गुंडाळी करून पिनेने अडकवून ठेवलं होतं.

"बाबा, हे कशाला राहिलं?"

"पुढे लागेल ना."

ती काही बोलणार एवढ्यात एक गृहस्थ हातावर कोट टाकून आत शिरले. त्यांना घाई होती. त्यांनी इकडे तिकडे बघत विचारलं, "मास्तर आहेत का?"

लेकीने सवयीने तोंड उघडलं. पण तिच्याआधी दाराजवळच्या खुर्चीतून उत्तर आलं.

"आहेत की," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले. "ह्या काय, समोरच उभ्या आहेत."

गृहस्थांनी एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि कोट काउंटरवर ठेवला. लेकीने तो उचलून त्यांच्या अंगावर चढवला, खांदा सारखा केला, मनगटाशी बाही चिमटीत धरून बघितली, आणि पाणी प्यायला आत न जाताच म्हणाली, "अर्धा इंच आखूड करू."